अनंत फुलवायचा तर आधी मातीकडे बघा

अनंताच्या तक्रारी फिरून फिरून दोनच येतात. आणलं तेव्हा रोप काळपट हिरवं, तुकतुकीत होतं, आता पानं पिवळी पडायला लागली आहेत. आणि कळ्या ढिगानं धरतात, पण उमलायच्या आत टपटप गळतात. यावर बहुतेकांचा पहिला उपाय म्हणजे पानांवर काहीतरी फवारायचं आणि बुंध्यात मूठभर खत टाकायचं. त्यानं क्वचितच फरक पडतो, कारण अनंताचं दुखणं दिसतं शेंड्यावर, पण असतं मुळाशी. मातीचा आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) जमला की हे झुडूप बाकी बरंच काही निमूट सोसतं. तो जमला नाही तर कितीही लाड करा, ते कुढतच राहतं. म्हणून इथे मातीवर जरा जास्तच वेळ घालवला आहे आणि फवारण्यांवर कमी.

अनंत, म्हणजे गार्डेनिया जास्मिनॉइडिस, कॉफीच्या कुळातला. मूळचा दक्षिण चीन, तैवान, जपान, व्हिएतनाम या पट्ट्यातला. ओलसर, पालापाचोळा कुजून आम्ल झालेली जमीन आणि विरळ सावली ही त्याची आवड तिथूनच आलेली. १७६१ मध्ये इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन एलिस यांनी गार्डेनिया या प्रजातीला अमेरिकेतल्या चार्ल्सटनचे डॉक्टर अलेक्झांडर गार्डन यांचं नाव दिलं. झुडूप सदाहरित, जातीप्रमाणे अर्ध्या मीटरपासून दोन-अडीच मीटरपर्यंत वाढतं. रानातलं फूल एकेरी, बहुधा सहा पाकळ्यांचं. त्याला उभ्या कंगोऱ्यांची नारिंगी फळं धरतात आणि त्या फळांत क्रोसिन असतं, म्हणजे केशराला रंग देणारं तेच द्रव्य. बागेतल्या दुहेरी अनंतात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे त्याला सहसा फळ धरत नाही. फळ नाही म्हणून झाडात काही खोट आहे असं समजू नका.

आणलंय ते अनंतच आहे ना?

हे विचारायचं कारण म्हणजे डबल तगर. पांढरी, भरगच्च, सुवासिक फुलं आणि चकचकीत पानं बघून ती अनंत म्हणून सर्रास घरी येते, आणि मग अनंताचे सगळे पथ्यपाणी तगरीवर सुरू होतात. ओळखायला एक पान देठापाशी तोडा. पांढरा चीक आला तर ती तगर. अनंताला चीक नसतो. शिवाय अनंताची पानं एका पेरावर समोरासमोर दोन किंवा तीन येतात, आणि त्या पेराभोवती खोडाला बिलगलेलं एक छोटं, पातळ आवरण दिसतं. एकदा ते ओळखलं की फूल नसतानाही गफलत होत नाही.

जात निवडताना जागा बघा. 'रॅडिकन्स' बुटका आणि पसरट, वाफ्याच्या कडेला किंवा उथळ कुंडीत शोभतो. 'मिस्टरी' उंच होतो आणि फुलं मोठी देतो, पण कळ्या गाळण्यातही तोच पुढे. 'ऑगस्ट ब्यूटी' बराच काळ थोडी थोडी फुलं देत राहतो. 'क्लाइम्स हार्डी' एकेरी फुलांचा, थंडीला काटक. पहिल्यांदाच लावणार असाल तर एकेरी किंवा लहान फुलांचा अनंत घ्या असं मी सांगेन. वास तोच आणि कटकट निम्मी. पण दुहेरी फुलाचा मोह सुटत नाही हेही खरं.

रोप विकत घेताना

कळ्यांनी लगडलेलं रोप टाळा, हा सल्ला कुणालाच आवडत नाही. रोपवाटिकेतली दमट हवा आणि सावली सोडून रोप तुमच्या गच्चीवर आलं की त्या कळ्यांपैकी बऱ्याच गळणारच. त्यापेक्षा दोन-चारच कळ्या असलेलं, पण खालपर्यंत पानं शाबूत असलेलं रोप घ्या. नवी पालवी हिरवी आहे का ते पाहा. शेंड्याची पानं फिकट पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर दुखणं तुम्ही विकत घेताय. पानाची मागची बाजू उलटून पाहा. पान हलवल्यावर पांढरे ठिपके उडाले तर ती पांढरी माशी.

शक्य असेल तर रोप पिशवीतून अलगद बाहेर काढून मुळं बघा. टोकं पांढरट असावीत. तपकिरी, बोटांत धरल्यावर साल सुटणारी मुळं म्हणजे कूज. मुळांवर मण्यांसारख्या गाठी म्हणजे सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत), आणि ते रोप फुकट दिलं तरी बागेत आणू नये. आणखी एक: खूप गच्च, गोंडस दिसणाऱ्या लहान कुंडीत पुष्कळदा एक झाड नसतंच. लवकर भरगच्च दिसावं म्हणून तीन-चार छाटे एकत्र लावलेले असतात. काही रोपांना वाढ खुंटवणारं औषधही दिलेलं असतं. त्याचा असर ओसरला की झाड एकदम लांबुडकं वाढतं. यात फसवणूक नाही, फक्त पुढे छाटणी करावी लागणार हे मनात धरून घ्या.

माती

अनंताला ५ ते ६ सामू मानवतो, ६.५ पर्यंत तो चालवून घेतो. त्यापुढे मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, कारण अल्कधर्मी मातीत लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. पानात हरितद्रव्य तयार व्हायला लोह लागतं, म्हणून नवी पानं पिवळी. सगळा खेळ एवढाच आहे.

सामू मोजायला सुईचे स्वस्त मीटर मिळतात. त्यांच्यावर माझा विश्वास नाही. एक भाग मातीत दोन भाग डिस्टिल्ड वॉटर घालून ढवळा, अर्धा तास निवळू द्या आणि वरच्या पाण्यात सामूची पट्टी बुडवा. एवढं पुरतं. त्याआधी मात्र एक सोपी परीक्षा करा. वाटीत चमचाभर कोरडी माती घ्या आणि वरून पांढरं व्हिनेगर ओता. कान जवळ नेला तर कधी कधी आवाजही येतो. फसफसली तर मातीत चुनखडी आहे, आणि तशा जमिनीत अनंताचा नाद सोडून सरळ कुंडी किंवा उंच वाफा धरावा. चुनखडीच्या जमिनीत गंधक टाकून सामू उतरवू म्हणणं व्यर्थ आहे; जितकं आम्ल तयार होईल तितकं चुनखडी खाऊन टाकते. वाळू, खडी वापरणार असाल तर त्यांचीही हीच परीक्षा घ्या. शिंपल्यांचा चुरा मिसळलेली वाळू हमखास फसफसते.

माती फसफसत नसेल पण सामू ७ च्या आसपास असेल, तर शेतीच्या गंधकाची भुकटी कामी येते. सामू एक अंकानं उतरवायला वाळूसर जमिनीत एका चौरस मीटरला साधारण ५० ते ७० ग्रॅम आणि भारी, चिकण जमिनीत १०० ते १२० ग्रॅम लागतं. वरच्या १५ सेंटिमीटर थरात ते नीट मिसळा. गंधकाचं आम्ल करण्याचं काम जमिनीतले जिवाणू करतात, त्यांना ऊब, ओल आणि काही महिन्यांचा वेळ लागतो. म्हणून हे काम लावणीच्या आधी करून ठेवायचं. झाड पिवळं पडल्यावर गंधक टाकून आठवड्याभरात फरक शोधू नका.

कुंडीसाठी मिश्रण सोपं आहे: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पूर्ण कुजलेलं पालाखत किंवा गांडूळखत, एक भाग पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) किंवा धुतलेली जाड वाळू. पाइनच्या सालीचे बारीक तुकडे मिळत असतील तर वाळूऐवजी तेच घ्या, आम्लताही टिकते आणि हवाही खेळती राहते. कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीनदा भिजवून पिळून घ्या, त्यात क्षार असतात. नुसती बागेची माती कुंडीत भरली तर ती वर्षभरात दगडासारखी बसते आणि मुळं गुदमरतात.

आता काय घालायचं नाही ते. राख नको. अंड्याची टरफलं नकोत, ती निव्वळ चुनाच. हाडांचा चुरा नको. त्यातलं कॅल्शियम सामू वर ढकलतं आणि जास्तीचं स्फुरद लोहाला अडकवतं. वापरलेली कॉफीपूड आणि चहाचा चोथा यांना आम्लाचा रामबाण समजतात. प्रत्यक्षात आम्ल बरंचसं पेयातच उतरलेलं असतं, उरलेला चोथा जवळजवळ उदासीन असतो. कंपोस्टमध्ये घाला, वाया जाणार नाही, पण सामू त्यानं उतरत नाही. आणि नव्या सिमेंटच्या भिंतीला किंवा ओट्याला लागून अनंत लावू नका. पावसानं तिथून चुना झिरपत राहतो.

पाणी

माती उत्तम आणि पाणी बोअरचं, जड, असं असेल तर सहा-आठ महिन्यांत सगळी मेहनत पुसली जाते. जड पाण्यातले बायकार्बोनेट प्रत्येक वेळी थोडा थोडा सामू चढवत राहतात. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी खरपुडी दिसते ती त्याचीच खूण. जमेल तितकं पावसाचं पाणी साठवून द्या. एसीतून गळणारं पाणीही क्षारमुक्त असतं, चालतं. दुसरं काही मिळत नसेल तर दहा लिटर पाण्यात साधारण दोन ग्रॅम लिंबूसत विरघळवून पट्टीनं बघा. ६ च्या आसपास आलं की थांबा. पाणी फारच जड असेल तर थोडं जास्त लागेल, पण अंदाजानं ओतत सुटू नका.

किती पाणी द्यायचं याचं वेळापत्रक कुणी सांगितलं तर ऐकू नका. बोट दोन पेरं आत घाला. वरचा थर कोरडा आणि आत किंचित गारवा लागला की पाणी द्या, आणि दिलं की तळातून निथळेपर्यंत द्या. खाली ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. अनंताला ओलावा हवा, डबकं नको. गंमत म्हणजे पाणी साचून मुळं कुजली तरी लक्षणं तहानेचीच दिसतात: पानं लोंबतात, पिवळी पडतात. माणूस घाबरून आणखी पाणी घालतो आणि झाड जातं. पानं लोंबलेली दिसली की आधी बोट, मग झारी.

जागा आणि लावणी

सकाळचं चार ते सहा तास ऊन आणि दुपारनंतर सावली, ही उष्ण हवेतली आदर्श जागा. थंड प्रदेशात दिवसभराचं ऊनही चालतं. पूर्ण सावलीत झुडूप जगतं, पानं छान राहतात, पण फूल दिसत नाही. वारा थेट झोडपणारी जागा टाळा. आणि जमलं तर दारा-खिडकीजवळ लावा. वास संध्याकाळनंतर चढतो, आणि तो कोपऱ्यात वाया घालवण्यात अर्थ नाही. घरात कुत्रं-मांजर असेल तर एवढं लक्षात ठेवा की पानं-फुलं चघळल्यास त्यांना उलट्या, जुलाब होऊ शकतात.

जमिनीत लावताना क्रम असा ठेवा.

१. आदल्या दिवशी खड्डा करा: मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याइतकीच. पाण्यानं काठोकाठ भरा. तीन-चार तासांनीही पाणी तसंच असेल तर ती जागा सोडा किंवा १५-२० सेंटिमीटर उंचवटा करून त्यावर लावा.

२. निघालेल्या मातीत तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं कुजलेलं पालाखत मिसळा. रासायनिक खत खड्ड्यात अजिबात नको, कोवळी मुळं करपतात.

३. रोप पिशवीतच पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग पिशवी कापून काढा. मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर बोटांनी बाहेरची सैल करा.

४. गोळ्याचा माथा जमिनीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर राहील असं बसवा. हे महत्त्वाचं. माती बसते, झाड खाली जातं, आणि बुंधा पुरला गेला की कूज लागते. अनंत उंच लावलेला बरा, खोल लावलेला नाही.

५. माती हलक्या हातानं दाबा, पायानं तुडवू नका. भरपूर पाणी द्या. मग पाच-सात सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन करा, बुंध्याभोवती चार बोटं मोकळी सोडून.

अनंताची मुळं वरच्या थरातच पसरतात. त्यामुळे आच्छादन कायम हवं आणि बुंध्याजवळ खुरपी चालवू नये. तण हातानं उपटा. दोन झाडांत मीटर-दीड मीटर अंतर ठेवा, बुटक्या जातीला निम्मं.

कुंडी मोठीच घेऊन मोकळं व्हावं असं वाटतं, पण छोट्या रोपाला मोठी कुंडी म्हणजे चहूबाजूंनी ओली राहणारी माती. एकेक माप वाढवत न्या. दर दोन-तीन वर्षांनी, बहर संपल्यावर, कुंडी बदला. मुळं थोडी दाटीत असताना अनंत उलट चांगला फुलतो.

खत

वाढीच्या काळातच द्या, आणि थोडं थोडं. आम्लप्रेमी झाडांसाठीचं तयार खत मिळालं तर वेष्टनावरच्या निम्म्या मात्रेनं सुरुवात करा. नाहीतर मध्यम कुंडीला महिन्यातून एकदा पाच ग्रॅम अमोनियम सल्फेट दोन-तीन लिटर पाण्यात विरघळवून, ओल्या मातीवर. त्यानं नत्रही मिळतं आणि सामूही खाली राहतो. जोडीला दोन महिन्यांतून एकदा मूठभर गांडूळखत. नत्राचा मारा झाला तर झाड पानांचा डोंगर करतं आणि फुलांचं नाव घेत नाही. थंडी सुरू व्हायच्या सहा-आठ आठवडे आधी खत बंद करा, नाहीतर कोवळी पालवी ऐन गारठ्यात सापडते.

पिवळं पान कसं वाचायचं

पान पिवळं पडलं एवढ्यावरून काहीच कळत नाही. कुठलं पान आणि कसं पिवळं, ते पाहायचं.

शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरांचं जाळं हिरवं: लोह कमी पोचतंय. आधी सामू आणि मुळं तपासा. माती आम्ल असूनही हे दिसत असेल तर निचरा बिघडलाय किंवा माती फार थंड आहे. गारठलेली मुळं लोह उचलत नाहीत, आणि ऊब आली की पालवी आपोआप हिरवी होते. तात्पुरता उपाय म्हणजे हिराकस (फेरस सल्फेट). लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत विरघळवून संध्याकाळी फवारा. आधी एकाच फांदीवर करून दोन दिवस थांबा, कारण मात्रा जास्त झाली की पानांवर काळे डाग येतात. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचा डाग निघत नाही. अल्कधर्मी मातीत हिराकस ओतून मात्र उपयोग नाही, त्याचा लगेच गंज होतो. तिथे चिलेटेड लोह लागतं, म्हणजे दुसऱ्या द्रव्याच्या पकडीत धरून विरघळतं ठेवलेलं लोह, आणि त्यातही पाकिटावरची अक्षरं वाचा: ईडीटीए प्रकार साधारण ६.५ सामूपर्यंतच टिकतो, डीटीपीए ७.५ पर्यंत, आणि ईडीडीएचए त्याच्याही पुढे काम करतो. चुकीचा प्रकार आणून 'लोह दिलं तरी फरक नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

खालची जुनी पानं शिरांच्या मधोमध पिवळी, देठाकडे हिरवा त्रिकोण उरलेला: मॅग्नेशियम कमी. लिटरला पाच ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन फवारण्या.

आतली, जुनी पानं संपूर्ण पिवळी धमक होऊन एकेक गळताहेत आणि शेंडे तजेलदार आहेत: काही करू नका. सदाहरित म्हणजे पानं कधीच गळत नाहीत असं नव्हे. नवी पालवी फुटताना जुनी पानं जातातच.

कळ्या का गळतात

अनंत कळी धरतो तो रात्रीचं तापमान १५ ते १८ अंश असताना. रात्री २१-२२ अंशांच्या वर जाऊ लागल्या की धरलेल्या कळ्याही तो सोडून देतो, मोठ्या फुलांच्या दुहेरी जाती तर सर्रास. ऐन उकाड्यातली ही गळ पूर्ण थांबवता येत नाही. दुपारची सावली आणि मुळांशी गारवा, एवढंच आपल्या हातात.

बाकी कारणं शोधायची तर गळलेली कळी उचलून नीट बघा. हिरवी-पिवळसर, निरोगी दिसणारी आणि देठापाशी स्वच्छ सुटलेली असेल तर झाडाला ताण बसलाय: माती एकदा कडक वाळली, किंवा चिखल झाला, किंवा कुंडी हलवली. कळ्या दिसू लागल्यावर कुंडी जागची हलवू नका, फिरवूसुद्धा नका. ओलावा एकसारखा राहिला पाहिजे. एक दिवस विसरून दुसऱ्या दिवशी दुप्पट पाणी घातलं की हमखास गळ. कळी तपकिरी, चरे पडलेली आणि अर्धवट उमलून अडकलेली असेल तर ती उकलून पांढऱ्या कागदावर झटका. दोऱ्याच्या तुकड्यांसारखे बारीक, पिवळट जीव चालताना दिसले तर ते फुलकिडे. अशा कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाका आणि कडुनिंबाचं तेल फवारा. कळीवर राखाडी बुरशीची लव असेल तर हवा कोंडतेय. आतल्या काही काड्या विरळ करा आणि पाणी फक्त मुळाशी द्या. कळीला भोक असेल तर आत अळी आहे.

कुंडीजवळ पाण्याची ताटली ठेवणं, दिवसातून दोनदा फवारा मारणं, यानं दमटपणा मिनिटभर वाढतो. घरातल्या कोरड्या हवेत चार झाडं जवळजवळ ठेवली तर तेवढाच, किंबहुना जास्त फायदा होतो.

छाटणी

वेळ चुकली की पुढचा बहर गेला. बहुतेक अनंत आधीच्या हंगामात वाढलेल्या काड्यांच्या टोकाला कळ्या धरतात. म्हणून मुख्य बहर ओसरला की दोन-तीन आठवड्यांत छाटणी उरकून घ्या. नवे फुटवे वाढून पिकायला आणि थंड रात्री सुरू झाल्या की कळ्या धरायला त्यांना वेळ मिळतो. उशिरा, झाड 'अस्ताव्यस्त दिसतंय' म्हणून कातरलं, की कळ्या धरणाऱ्या काड्याच कापल्या जातात. सतत फुलणाऱ्या जातींत थोडी सवलत आहे, पण नियम तोच.

आधी वाळकी, एकमेकांवर घासणारी, आत वळलेली फांदी काढा. मग उंच गेलेल्या काड्या पेराच्या अर्धा सेंटिमीटर वर, बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर कापा. एका वेळी झाडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काढू नका. कात्री आधी स्पिरिटनं पुसा. हे कर्मकांड नाही: अनंताच्या खोडाला खाचा पडून गाठाळ फुगवटा आणणारा एक बुरशीजन्य रोग आहे, तो जखमेतूनच शिरतो आणि त्यावर औषध नाही. तशी फांदी दिसली तर बरीच खालून कापून जाळा. मुख्य खोडावर असेल तर झाडच काढावं लागतं.

खाली उघडं पडलेलं, वर छत्री झालेलं जुनं झुडूप एकदम बुडापासून छाटू नका. दर वर्षी दोन-तीन जुन्या फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. तीन वर्षांत झाड नवं होतं आणि फुलंही पूर्ण बंद पडत नाहीत. सुकलेली फुलं मात्र लगोलग खुडा. तपकिरी पडलेली फुलं झाडावरच चिकटून राहतात आणि पावसात त्यांच्यावर बुरशी येते.

कीड

पांढरी माशी, मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण, सगळ्यांचा उपद्रव एकाच वळणाचा. रस शोषतात, चिकट साखरपाणी सोडतात, त्यावर काजळी चढते आणि साखरेसाठी मुंग्या येतात. काजळी पुसत बसू नका, खाली बसलेली कीड काढा. पहिल्यांदा पानांच्या मागून पाण्याचा जोरदार झोत. तो तीन-चार दिवसांनी पुन्हा. भागलं नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य द्रवसाबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. कडक उन्हात आणि उमललेल्या फुलांवर फवारणी नको. पिठ्या ढेकूण थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं टिपून काढा. मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही, कारण त्या या किडीची राखण करतात.

सूत्रकृमी असलेल्या वाळूसर जमिनीत अनंत वाढतच नाही. फ्लोरिडासारख्या ठिकाणी म्हणून तो दक्षिण आफ्रिकेतल्या गार्डेनिया थनबर्गियाच्या खुंटावर (मुळांकडच्या झाडावर) कलम करतात. तुमच्या झाडाच्या मुळांवर गाठी आढळल्या तर तसं कलम शोधा किंवा कुंडीत नवी माती घ्या. कलमी झाड असेल तर खुंटावर फुटणारे फुटवे दिसताक्षणी मोडा.

जिथे पाणी गोठतं तिथे कुंडी थंडीत आत घ्यावी लागते: भरपूर उजेडाच्या खिडकीत, हीटरपासून लांब, पाणी कमी करून. वसंतात बाहेर नेताना आठवडाभर सावलीत ठेवून मग उन्हात.

रोपं तयार करणं

छाटणीतल्या काड्या टाकू नका. बिनफुलाची, कोवळीही नाही आणि पक्की लाकडी झालेलीही नाही अशी काडी हवी. वाकवली तर लवते, जास्त वाकवली तर कट्कन मोडते, ती बरोबर. १० ते १२ सेंटिमीटर लांब, पेराच्या लगेच खाली कापा. खालची पानं काढा, वरची दोन-तीन ठेवा, ती मोठी असतील तर अर्धी कापा. टोक मुळं फुटण्याच्या पावडरीत बुडवा आणि निम्मं कोकोपीट, निम्मं पर्लाइट अशा ओलसर मिश्रणात काडीनं भोक पाडून खोवा. काडी ढकलून खुपसली तर पावडर वरच पुसली जाते. वरून पारदर्शक पिशवी घाला, सावलीत, २२ ते २५ अंशांच्या उबेत ठेवा, एक दिवसाआड पिशवी थोडा वेळ उघडा.

चार ते आठ आठवड्यांत मुळं येतात. हलकेच ओढून पाहा. अडकल्यासारखं वाटलं की फुटली. नुसत्या पाण्याच्या बाटलीतही अनंत मुळं धरतो. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला आणि मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की लगेच मातीत लावा, कारण पाण्यात फार वाढलेली मुळं ठिसूळ असतात आणि लावताना तुटतात. मोठी फांदी हाताशी असेल तर गुटी कलमही (फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवणं) साधतं. पहिल्या वर्षी या रोपांवर कळी दिसली तर खुडून टाका आणि शेंडा दोनदा मोडा, म्हणजे खालून चार फांद्या फुटतील.